परळची मडम आणि चार टन पालक

नुसती फळं आणि भाज्या खाऊन शरीराला लागणारं सगळं मिळतं का? मंडळाच्या गणपतीच्या जेवणात हा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, आपले पूर्वज शाकाहारावरच ठणठणीत जगले. दुसरा म्हणतो, पालापाचोळा खाऊन कुठं रक्त वाढतं! मी पेशाने कॉम्प्युटरवाला, आहारतज्ज्ञ नव्हे. पण या भांडणाचा इतिहास शोधायला बसलो आणि थेट परळला जाऊन पोचलो. म्हणून हा लेखप्रपंच.

साल १९२८. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. इथे त्या संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. कित्येक जणी त्यात दगावत. त्याचा छडा लावायला मार्गारेट बाल्फोर या डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून लंडनच्या डॉ. लुसी विल्स परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. वय चाळीस.

आधी त्यांनी जंतुसंसर्गाची शंका घेतली. हाती काही लागलं नाही. मग तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. सगळ्यांत गरीब घरांत फळं, भाज्या आणि दूध नावालाच होतं, आणि रोग तिथेच जास्त. म्हणजे गोम ताटात होती. पण ताटातल्या कशात? ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं देऊन पाहिली, फरक नाही. मग या बायकांसारखा निकृष्ट आहार उंदरांना दिला. उंदीर आजारी पडले आणि यीस्ट दिल्यावर सुधारले. (उंदरांच्या त्या रक्तक्षयात उवांमधून आलेल्या एका जंतूचा हात होता, हे नंतर कळलं. पण दिशा बरोबर निघाली. आमच्या धंद्यातही असं होतं.) पुढे माकडांवर प्रयोग झाले आणि तिथे कामी आलं ते मार्माइट. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात केलेला हा काळा, खारट, चिकट लगदा अगदी स्वस्तातला. तो दिल्यावर गिरणीकामगार बायकाही बऱ्या झाल्या! १९३१ साली विल्सबाईंनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं.

यीस्टमधला तो गुणकारी पदार्थ कोणता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून नाव ठेवलं फॉलिक अ‍ॅसिड. विल्सबाईंचं कोडं सुटलं ते असं पालेभाजीत. पालक, मेथी, चवळी, हरभरे, संत्री या सगळ्यांत तो आहे. मात्र तो पाण्यात विरघळतो आणि फार शिजवलं की जातो. भाजी उकडून पाणी मोरीत ओतणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

इथे पहिल्या तटाने टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण गोष्ट अर्धीच झाली. अगदी तसाच, मोठ्या पेशींचा दुसरा एक रक्तक्षय होता. तो भरपूर लिव्हर खाऊन आटोक्यात येतो, हे अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी १९२६ सालीच दाखवलं होतं. विल्सबाईंनी पाहिलं, की लिव्हरचा जो शुद्ध अर्क त्या रोगावर चालतो, तो आपल्या रोग्यांवर चालत नाही. एरर मेसेज एकच, बग दोन! दुसरा बग १९४८ मध्ये सापडला: बी-१२. तो फक्त सूक्ष्मजीव बनवतात. आपल्याला मिळतो मांस, मासे, अंडी, दूध यांतून. भाजीत आणि फळांत तो नाही. दूधही वर्ज्य करणारी व्हेगन सोसायटी इंग्लंडात १९४४ मध्ये निघाली, तेव्हा तो सापडायला चार वर्षं होती. आपल्या पूर्वजांना तारलं असेल तर ते दूध-दही-ताकाने, दुधी भोपळ्याने नव्हे.

आणि यातली धोक्याची जागा अशी. चाळीसच्या दशकात दुसऱ्या रोगाच्या लोकांना फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहिलं. म्हणजे पहिलं औषध दुसऱ्या रोगाची खूण पुसून टाकतं.

आता हे इथे अमेरिकेत आपल्या घरात कसं येतं ते पाहा. फॉलिक अ‍ॅसिडने बाळांच्या मणक्यातले दोष टळतात हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं आणि १९९८ पासून इथल्या ‘एन्रिच्ड’ पिठात ते घालणं सक्तीचं झालं. उत्तमच झालं. पण पाव आणि भाज्यांवर राहणाऱ्या शाकाहाऱ्याला फॉलिक अ‍ॅसिड भरपूर, आणि बी-१२चा पत्ता नाही. आमची आई सहा महिने इकडे होती तेव्हा तळपायांना मुंग्या येतात म्हणायची. हिमोग्लोबिन छान होतं. बी-१२ तपासलं, तर अगदी तळाला. इंजेक्शनं घेतल्यावर हळूहळू फरक पडला.

मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागतं अवघं २.४ मायक्रोग्रॅम. दूध-दही नियमित असेल तर थोडंफार मिळतं. तेही नसेल तर गोळी, किंवा बी-१२ घातलेलं सोयामिल्क नाहीतर सीरियल.

लुसी विल्स १९६४ साली वारल्या. बी-१२ची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. मार्माइट अजून मिळतं. चव मात्र जपून घ्या. बाटलीच्या लेबलावर फॉलिक अ‍ॅसिडच्या शेजारीच बी-१२ लिहिलेलं दिसेल. यीस्टमध्ये ते मुळात नसतं, कंपनी वरून घालते.