वाघावरची स्वारी



इतिहास म्हटला म्हणजे लढाया आणि तहनामे आठवतात. परंतु जमाखर्चाच्या वह्यांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां अधिक बोधप्रद असतो. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या वह्यांचा इतिहास मी आज आपणांपुढें ठेवणार आहें.

रामलिंग राजू यांनीं १९८७ सालीं ही कंपनी स्थापिली. परदेशांतील व्यापारी संस्थांना संगणकाचीं कामें करून देण्यांत तिनें मोठा लौकिक मिळविला. कंपनी वाढली, पण संस्थापकांचा तिच्यांतील हिस्सा घटत गेला. २००८ च्या अखेरीस तो दहा टक्क्यांच्याही आंत होता. हिस्सा असा थोडा असला म्हणजे बाजारांत शेअर खरेदी करून परक्यास कंपनीचा कबजा घेतां येतो. नफा उतरला कीं भाव उतरतो, भाव उतरला कीं गिऱ्हाईक पुढें सरसावतें, आणि नवा धनी प्रथम जुन्या वह्या उघडतो. वह्या खोट्या असतील तर त्या उघडल्या जाऊं नयेत म्हणून भाव चढता ठेवावा लागतो. आणि त्यासाठीं वह्या आणखी खोट्या कराव्या लागतात.

७ जानेवारी २००९ रोजीं राजूंनीं संचालक मंडळास पत्र लिहून हें दुष्टचक्र कबूल केलें. कबजा जाण्याची भीति त्यांनीं त्यांत नमूद केली, आणि आपली स्थिति वाघावर स्वार झालेल्या, पण उतरण्याचा मार्ग न सुचणाऱ्या माणसासारखी झाली, असें सांगितलें. दाखविलेल्या शिलकेपैकीं ५,०४० कोटि रुपये अस्तित्वांतच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहींत धंद्यांतील नफा दाखविला ६४९ कोटि. खरा होता ६१ कोटि. हजारों खोटीं बिलें आणि बँकांचे बनावट कागद यांवर ही इमारत उभी होती. विद्यार्थ्यानें पुस्तकामागचें उत्तर आधीं उतरून घ्यावें आणि मग त्यास जुळेल अशी रीत लिहावी, तसाच हा प्रकार. त्या एका दिवसांत शेअरचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला.

या कबुलीपूर्वींच्या दोन घटना ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. १६ डिसेंबर २००८ रोजीं संचालकांनीं राजू कुटुंबाच्याच दोन ‘मायटास’ कंपन्या सुमारें १६० कोटि डॉलरांस घेण्याचें ठरविलें. ‘सत्यम’चीं इंग्रजी अक्षरें उलट वाचलीं म्हणजे हें नांव होतें. नसलेल्या रोकडीच्या जागीं खरी मालमत्ता दाखविण्याचा हा अखेरचा प्रयत्न भागधारकांच्या संतापामुळें कांहीं तासांतच फसला. दुसरी घटना त्याच महिन्यांतील. जागतिक बँकेनें सत्यमला आठ वर्षें आपल्या कामांतून वर्ज्य केल्याचें जाहीर झालें. बँकेच्या नोकरांस अनुचित लाभ दिले, आणि उपकंत्राटदारांच्या नांवें आकारलेल्या रकमांचे कागद ठेवले नाहींत, हीं त्याचीं कारणें.

लांच आणि खोटा हिशेब यांचें नातें येथें दिसतें. गुप्त देणगीची नोंद खऱ्या नांवानें करतां येत नाहीं. म्हणून जेथें लांच शिरली तेथें वही खोटें बोलूं लागतेच. एकदां वहीस खोटें बोलण्याची संवय लागली म्हणजे खर्च लपविणें आणि नफा फुगविणें यांत अंतर उरत नाहीं. अशा कंपनीस त्याच वर्षीं उत्तम कारभाराचें पारितोषिकही मिळालें होतें. तें मागाहून काढून घेण्यांत आलें!

पुढें सरकारनें जुनें मंडळ दूर केलें. एप्रिल २००९ मध्यें पुण्याच्या टेक महिंद्रनें कंपनीचा कबजा मिळविला, आणि २०१३ सालीं ती तिच्यांत विलीन झाली. ज्या कबजाच्या भीतीनें एवढें असत्य रचलें, त्यानेंच अखेर हजारों नोकरांचें अन्न वांचविलें. एप्रिल २०१५ मध्यें न्यायालयानें राजूंसह दहा जणांना सात वर्षांची शिक्षा दिली. त्यांनीं अपील केलें आणि पुढच्या महिन्यांत ते जामिनावर सुटले. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना हिशेबतपासनीस ठराविक मुदतीनंतर बदलण्याची सक्ती केली.

तथापि कायदा दाराशीं पहारा करतो. घरांतील दिवा आपणच लावावयाचा असतो. आपली शिल्लक शेअरांत गुंतविणाऱ्या गृहस्थानें नफ्याचा आंकडा पाहून हर्षित होण्यापूर्वीं, तो पैसा प्रत्यक्ष कोठें आहे, एवढा प्रश्न अवश्य विचारावा.