‘आहे’ या क्रियापदाचा खटला

व्याकरण शाळेबरोबरच संपते, अशी बहुतेकांची समजूत असते. अमेरिकेत मात्र ‘आहे’ या एका क्रियापदाचा अर्थ ठरविण्यासाठी तीन न्यायमूर्ती बसले. त्यांचा निवाडा मी रहस्यकथेच्या ओढीने वाचून काढला.

गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९९५ मध्ये. फ्लॉरिडातील बोका रॅटनच्या नेटस्पीक कंपनीने इंटरनेटवरून संभाषण करण्याच्या एका युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेने इंटरनेटला जोडला जाई, आणि बहुधा दर खेपेस त्याला नवा पत्ता मिळे. रोज बिऱ्हाड बदलणाऱ्याला हाक मारायची कशी? उपाय असा की, प्रत्येक संगणकाने जोडले जाताच आपला पत्ता एका मध्यवर्ती यंत्रापाशी नोंदवावा, आणि हाक मारणाऱ्याने आधी त्या यंत्राला विचारावे, ‘अमका जोडलेला आहे का?’ पेटंट २००० साली मिळाले. पुढे ते नेट-टू-फोनकडे आले. तिने २००६ मध्ये स्काइपला कोर्टात खेचले, २०१० मध्ये तडजोड झाली. २०१३ साली हक्क स्ट्रेट पाथ या कंपनीच्या हाती गेले.

त्याच वर्षी सिपनेट या युरोपीय कंपनीने पेटंट रद्द करावे असा अर्ज पेटंट कार्यालयाकडे केला. हे सारे नेटबायोस आणि मायक्रोसॉफ्टच्या विन्स या जुन्या पद्धतींत होतेच, असे तिचे म्हणणे. पण विन्सच्या वहीत एकदा चढलेले नाव, संगणक निरोप न घेता बंद पडला तरी, काही काळ तसेच राही. दवाखान्याच्या दारावरची ‘आत–बाहेर’ अशी सरकती पाटी आठवा. डॉक्टर मागच्या दाराने व्हिजिटला गेलेले, आणि पाटी आपली ‘आत’च म्हणते आहे!

पेटंट कार्यालयाच्या मंडळाने २०१४ मध्ये ही पाटीच प्रमाण मानली आणि वादातली कलमे रद्द केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने हा निर्णय दोन विरुद्ध एक मतांनी फिरविला. न्या. टॅरांटो यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा: कलमात वर्तमानकाळ आहे, तेव्हा विचारले त्या क्षणी संगणक खरोखर जोडलेला हवा, पूर्वी नोंदविला होता एवढ्याने भागत नाही. न्या. डाइक यांना हे मान्य नव्हते. मला विचाराल तर कौल टॅरांटोंनाच. २०१६ मध्ये मंडळानेही पेटंट कायम ठेवले.

खरी गंमत पुढेच आहे. स्ट्रेट पाथने सिस्को आणि अवाया या कंपन्यांवर केलेले दावे कॅलिफोर्नियात न्या. विल्यम ऑलसप यांच्यापुढे आले. या कंपन्यांची यंत्रेही नोंदवहीच पाहत होती. माणूस या क्षणी आहे की नाही, याची खातरजमा करीत नव्हती. म्हणजे ज्या ‘आहे’ने पेटंट वाचविले, त्याच ‘आहे’ने प्रतिवादीही सुटले! ऑलसप यांनी २०१७ मध्ये दावे निकालात काढले, आणि २०१९ मध्ये फेडरल सर्किटनेही तोच निकाल कायम केला.