डोंगलच्या कुलपातली मराठी

तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचून लोक मतं बनवतात, त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. 1991 साली पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी ‘परम’ होता. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून सी-डॅक या सरकारी संस्थेने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली आपला स्वतःचा उभा केला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या छापखान्यातही तिचे पेढे वाटून झाले. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने आयएस 13194 या क्रमांकाचं एक मानक प्रसिद्ध केलं. तेही बरंचसं सी-डॅकच्याच माणसांच्या मेहनतीतून आलेलं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि सात-बाराच्या नकला कशा छापल्या जाणार, कुठे साठणार आणि कुठे अडकून पडणार, हे मात्र त्या मानकाला बाजाराने धूप न घातल्यामुळे ठरलं.

मी डीटीपी करते. त्याआधी टायपिस्ट होते. त्यामुळे हा इतिहास मी टेबलाच्या या बाजूने सांगणार; संशोधकांना तो वेगळा दिसत असेल.

देवनागरीचा मूळ त्रास खिळ्यांपासूनचा. इंग्रजीच्या जुळाऱ्याला दोन केसांत, म्हणजे खिळ्यांच्या पेट्यांत, सगळं मावायचं. मराठीला जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार. मुंबईच्या छापखान्यांनी यावर दोन वाटा काढल्या: अखंड खिळे, म्हणजे मात्रेसकट ओतलेलं अक्षर, आणि डिग्रीचे खिळे, ज्यांत मात्रा वेगळी बसवायची. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने 1869 पासून जे वळण घडवलं, त्याची मोहिनी अशी की आजही एखादा जुना लेखक मला ‘निर्णयसागरसारखं दिसू दे’ असं सांगतो. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, तोही याच अडचणीपोटी. आमच्या छापखान्यात एक म्हातारे जुळारी काका होते. ते केसकडे न बघता खिळा उचलायचे. कुठल्या कप्प्यात काय आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, पण ते शेजारच्या छापखान्यात गेले की पहिले काही दिवस चाचपडायचे, कारण तिथली केस वेगळी लावलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

टाइपरायटरने पहिल्यांदा शिस्त लावली. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढे तालुक्याच्या गावापर्यंत टायपिंग क्लास पोचले. मीही अशाच एका क्लासात शिकले. भिंतीवर तक्ता, मशीनवर कापड टाकलेलं, आणि सरकारी लिपिकाच्या नोकरीसाठी मराठी तीस, इंग्रजी चाळीस हे आकडे गायत्री मंत्रासारखे पाठ. नव्वदच्या आसपास खुणांत सगळी मराठी बसवायची म्हणून अर्धी अक्षरं कळांवर होती आणि काना वेगळा मारून ती पूर्ण करायची. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. कागदावर दिसतं त्याच क्रमाने. यंत्राला ‘कि’ म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्याला फक्त दोन ठसे माहीत होते. टाइपरायटरला तेवढं पुरे. कागदावर उमटलं की त्याचं काम संपलं.

संगणकाला ते पुरत नाही, हे आयआयटी कानपूरच्या लोकांनी ओळखलं. तिथे ऐंशीच्या दशकात जिस्ट नावाचं तंत्र तयार झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. 1988 साली सी-डॅक स्थापन झाल्यावर जिस्ट पुण्यात आलं. त्याचं एक कार्ड संगणकात बसवायचं, की वर्डस्टार आणि डीबेसमध्येसुद्धा मराठी लिहिता यायची. यामागचा विचार मला आजही थक्क करतो. त्यांनी अक्षराच्या चित्राला नव्हे, अक्षरालाच क्रमांक दिला. इस्की नावाच्या या संकेतावलीत ‘क’चा क्रमांक 179, मग तो देवनागरीतला असो, गुजरातीतला की बंगालीतला. पडद्यावर कसा काढायचा ते नंतर ठरेल. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. इनस्क्रिप्ट कळफलकही याच विचारातून आला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी. 1991चं ते मानक म्हणजे ही इस्की. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988च्या आवृत्तीवरूनच घेतली. म्हणजे आज जगातल्या प्रत्येक फोनवर मराठी ज्या क्रमाने साठते, त्याची मुळं कानपूर आणि पुण्यात आहेत.

मग घोडं अडलं कुठे? आमच्या दुकानात.

नव्वदीच्या सुरुवातीला छापखान्यांना महासंगणक नको होता आणि मानकही नको होतं. त्यांना पानं मांडून देणारा पेजमेकर हवा होता. पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांना इस्की कळत नव्हती. त्यांना कळत होता 256 घरांचा इंग्रजी फॉण्ट. तेव्हा हुशार लोकांनी सोपी युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे भरायचे. एका घरात अर्धा ‘क’, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. पेजमेकरला वाटतं इंग्रजीच चाललंय, बटर पेपरवर छापून येतं मराठी. हे चोख चाललं. मी स्वतः कितीतरी पुस्तकं अशी केली आणि ती दिसायला उत्तम आहेत. पण आत साठलं होतं ते टाइपरायटरचेच ठसे, फक्त विजेवर चालणारे.

आणि प्रत्येक कंपनीने घरं आपापल्या मर्जीने भरली. पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी एका क्रमाने, बंगळूरची आकृती दुसऱ्या. सी-डॅकने स्वतःच्या फॉण्टसाठी इस्फॉक नावाचा क्रम ठरवला, म्हणजे इस्कीच्या जन्मदात्यांनाही बाजारात टिकण्यासाठी ठशांचा आणखी एक तक्ता बनवावा लागला. शेजारच्या छापखान्यात जुळारी काकांची बोटं चाचपडत, तशी आता फाइल चाचपडू लागली. श्री-देव-0714 मध्ये केलेला मजकूर फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की इंग्रजी अक्षरं, चौकोन आणि स्वल्पविराम यांची रांगोळी. गिऱ्हाईक विचारायचं, ‘ताई, व्हायरस आला का?’

याच्यावर कडी म्हणजे डोंगल. सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टवर, काडेपेटीएवढी डबी लावायची. ती असेल तर कळफलक मराठी. नसेल तर नाही. कंपन्यांची बाजू मला मान्य आहे: चोरी भरमसाट होती, आणि एका सीडीवर पंधरा दुकानं चालायची. पण परिणाम काय झाला तो बघा. एकदा ऐन नवरात्रात, तीन दिवाळी अंकांची कामं हातात असताना, आमची डबी मेली. विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं, जुनी डबी आणून द्या, तपासू, मग नवीन. तपासायला आठवडा. शेवटी मालकांनी दुसऱ्या छापखान्यातून एका रात्रीपुरती डबी उसनी आणली आणि आम्ही दोघीजणी पहाटेपर्यंत बसलो. काम निघालं. मला राग त्या कंपनीचा कमी आला, एका गोष्टीचा जास्त: तीन अंकांतला मजकूर लेखकांचा, कागद मालकांचा, मेहनत आमची, आणि तो उघडायची किल्ली मात्र चौथ्याच्या खिशात.

छापील पुस्तक बघणाऱ्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. कळायचं ते सूची करताना. एका संदर्भग्रंथाची व्यक्तिनामसूची माझ्याकडे आली होती. इंग्रजी पुस्तक असतं तर एक कळ दाबून अकारविल्हे लागली असती. इथे संगणकाने ठशांच्या क्रमाने लावली; वेलांटी आधी टंकलेली असल्यामुळे ‘किर्लोस्कर’, ‘चिपळूणकर’ आणि ‘टिळक’ सगळे एका ठिकाणी, ‘केतकर’ भलतीकडे. शेवटी प्रिंट काढून, कात्रीने पट्ट्या कापून, जमिनीवर मांडून सूची लावली. घरात महासंगणकाच्या बातमीचं कात्रण जपून ठेवलेले आमचे मालक त्या पट्ट्यांवरून सावकाश पाय टाकत जात होते.

युनिकोड प्रत्यक्ष टेबलावर आलं ते विंडोज 2000 बरोबर, आणि मंगल फॉण्टबरोबर. मंगलचे रेखाटनकार प्रा. र. कृ. जोशी. आधी जाहिरात क्षेत्रात, मग आयआयटी मुंबईत शिकवणारे, कवी, सुलेखनकार. 2008 साली त्यांचं सॅन फ्रान्सिस्कोत निधन झालं. मंगलला आमच्या धंद्यात खूप नावं ठेवली गेली, मीही ठेवली. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, मराठी डोळ्याला खुपणारे. पण तो छापील पुस्तकासाठी केलेलाच नव्हता. त्या काळच्या जाडजूड पडद्यांवर बारीक आकारात जोडाक्षर वाचता यावं, ही त्याची कामगिरी होती आणि ती त्याने केली. विंडोज एक्सपीत तर मराठी दिसण्यासाठी सेटिंगमध्ये एक खूण करून मूळ सीडी घालावी लागायची, आणि ती सीडी कुणाकडेच नसायची. तरी सरकारी कचेऱ्यांत मंगल इतका रुळला की आजही लोक ‘युनिकोडमध्ये द्या’ न म्हणता ‘मंगलमध्ये द्या’ म्हणतात.

नव्या व्यवस्थेत मराठीचे काही हट्ट मात्र सहज बसले नाहीत. आचाऱ्यास आणि आचार्यास यांतला फरक स्वयंपाकघर आणि गुरुकुल यांच्याएवढा आहे, आणि तो सगळा एका आडव्या अर्ध्या ‘र’वर. हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडने तो ‘ऱ’ला हलन्त जोडून साधला. इनस्क्रिप्टवर शिफ्टसकट जे, मग डी. हे माहीत नसलेला माणूस तो कळफलकावर शोधत बसतो आणि मग ‘दर्याखोर्‍यां’सारखा अर्धा समुद्र, अर्धा डोंगर टंकून मोकळा होतो. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला 2008 साली. ‘ळ’ला क्रमांक पहिल्यापासून आहे, पण ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवर सूची लावली तर ‘ळ’ची जागा चुकते. पट्ट्या कापायच्या नाहीत एवढं सुख, म्हणून मी ते हाताने दुरुस्त करते आणि तक्रार करत नाही.

युनिकोड आल्यावर जुन्या फॉण्टांचं राज्य लगेच संपलं असंही नाही. पुस्तक मांडायचं सॉफ्टवेअरच तयार नव्हतं. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट बसू लागल्या त्या 2012 च्या सीएस6 पासून. तोवर लेखक घरी युनिकोडमध्ये लिहायचा, आम्ही ते जुन्या फॉण्टमध्ये उलटं बदलायचो, मांडायचो, छापायचो, आणि लेखकाने फाइल परत मागितली की पुन्हा सुलटं करायचो. या दोन फेऱ्यांत जे अर्धे ‘र’ गळाले त्यांची मोजदाद नाही.

हल्ली माझ्याकडे येणारी निम्मी कामं बदलून देण्याची आहेत. प्रकाशक जुन्या सीड्या आणतात, कधी झिप ड्राइव्हची डिस्क. पुस्तकाची आवृत्ती संपलेली, ई-बुक काढायचं आहे, लेखकाचे वारस विचारताहेत. परिवर्तक सॉफ्टवेअर आहेत आणि चांगली आहेत, पण आधी फॉण्ट कुठला आणि त्याचीही कुठली पिढी हे ओळखावं लागतं. फाइलला नाव असतं ‘फायनल नवीन 2’. मी मजकुराच्या त्या रांगोळीकडे बघून सांगू शकते की हे श्री-लिपी आहे की आकृती. ‘आणि’ हा शब्द प्रत्येकात वेगळा बिघडतो, तो शोधायचा. हे कौशल्य कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत आणि शिकवायचं कारणही नाही, दहा-पंधरा वर्षांनी ते निरुपयोगी होईल.

प्रकाशक मंडळी मला विचारतात, सरकार यासाठी काही योजना आणेल का. मला वाटतं वाट बघू नये. ज्याच्याकडे सीडी आहे त्याने ती याच वर्षी बदलून घ्यावी, कारण सीड्या मरताहेत आणि त्या फाइली ज्यांनी केल्या त्या बायका-पुरुष निवृत्तीला आलेत. शेजारच्या गल्लीतल्या एका प्रकाशकाचा कोश सध्या माझ्याकडे आहे. तीन वेगवेगळ्या फॉण्टांत, तीन वेगवेगळ्या ऑपरेटरांनी केलेला. पहिला भाग झाला. दुसऱ्यात कुणीतरी ‘ष’च्या जागी सगळीकडे ‘श’ मारला आहे, तो परिवर्तकाला पकडता येत नाही, म्हणून मुद्रितशोधक बाईंना वेगळे पैसे द्यावे लागतील असं मी त्यांना कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.