शून्य, रूप आणि अविकारक

दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराच्या रूपात, छेद शून्य नसताना, लिहिता येणाऱ्या संख्येस परिमेय संख्या म्हणतात. अशा संख्येत शून्य मिळवले किंवा तिला एकने गुणले तरी ती बदलत नाही, म्हणून शून्य हा बेरजेचा आणि एक हा गुणाकाराचा अविकारक ठरतो. पाठ्यपुस्तकात शेजारी बसणारे हे दोन नियम इतिहासात मात्र निरनिराळ्या वाटांनी आले.

शून्याचा नियम सूत्ररूपाने आला. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'च्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम दिले असून, शून्य मिळवल्याने धन हे धनच आणि ऋण हे ऋणच राहते, तसेच समान धन व ऋण यांची बेरीज शून्य होते, असे त्यात सांगितले आहे. यांतला दुसरा नियम अधिक मोलाचा, कारण ज्या संख्येशी केलेली बेरीज अविकारक देते त्या व्यस्त संख्येची कल्पना त्यात स्पष्ट आहे. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते हे त्याचे विधान पुढे टिकले नाही.

एकचा नियम आकडेमोडीच्या रीतीत मुरलेला होता. युक्लिडने संख्या म्हणजे एककांचा समुदाय अशी व्याख्या केल्यामुळे ग्रीक परंपरेत एक ही संख्याच मानली जात नसे, आणि या मताविरुद्ध सायमन स्टेव्हिनला १५८५ मध्येही वाद घालावा लागला. भारतीय गणिती या वादात पडले नाहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) छेद नसलेल्या राशीला रूप, म्हणजे एक, हा छेद कल्पावा असे सांगितले आहे. समच्छेद करताना अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणणे म्हणजेही त्या अपूर्णांकाला एकच्याच एका रूपाने गुणणे होय.

त्यांच्याच 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला, म्हणजे खहराला, कितीही मिळवले वा त्यातून वजा केले तरी विकार होत नाही, असे म्हटले आहे. शून्य इतरांना बदलत नाही, तर खहर इतरांमुळे बदलत नाही. विचार देखणा आहे, पण तो परिमेय संख्यांच्या चौकटीत बसत नाही, कारण खहरात तीन मिळवून खहरच येत असेल, तर दोन्हीकडून खहर वजा करताच तीन आणि शून्य समान ठरतात.

शून्य आणि एक यांची भूमिका एकच आहे, हे एकोणिसाव्या शतकात क्रियांचाच स्वतंत्र अभ्यास सुरू झाल्यावर उघड झाले. आर्थर केलीने १८५४ च्या निबंधात चिन्हांच्या गटात काहीही न बदलणाऱ्या घटकाला '१' हेच चिन्ह दिले आणि १८९३ मध्ये हाइनरिख वेबरने क्षेत्राची, म्हणजे बेरीज व गुणाकार या दोन्ही क्रिया असलेल्या संचाची, अमूर्त व्याख्या मांडली. परिमेय संख्या हे अशा क्षेत्राचे सर्वांत परिचित उदाहरण.