कार्मेनेर : नाव हरवलेले द्राक्ष 🧵

१/ २४ नोव्हेंबर १९९४. चिलीच्या मायपो खोऱ्यातील एका द्राक्षमळ्यात फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ ज्याँ-मिशेल बुर्सिको वेली न्याहाळत होते. मळ्याच्या लेखी त्या वेली ‘मेर्लो’ जातीच्या होत्या. बुर्सिकोंनी त्या ओळखल्या : ही तर कार्मेनेर!

२/ कार्मेनेर ही मूळची फ्रान्समधील बोर्दो प्रांताची जात. १८६० नंतर फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने तिथले मळे उद्ध्वस्त केले. पुनर्लागवडीत ही उशिरा पिकणारी, बेभरवशाची वेल बहुतेकांनी वगळली.

३/ मात्र त्याआधीच बोर्दोची कलमे चिलीत पोहोचली होती. अँडीज, वाळवंट आणि महासागर यांनी वेढलेल्या त्या भूमीत फिलॉक्सेराने पाय रोवला नाही. वेली जगल्या, नाव मात्र मेर्लोत विरले.

४/ या गफलतीची किंमत चवीला मोजावी लागली. मेर्लो लवकर पिकते, कार्मेनेरला आणखी काही आठवडे लागतात. दोन्हींची तोडणी एकत्र होई. कच्च्या कार्मेनेरमुळे वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येई.

५/ ओळख पटल्यावर तोडणी वेगळी होऊ लागली. १९९८ मध्ये चिलीत या जातीला अधिकृत मान्यता मिळाली. पूर्ण पिकलेल्या कार्मेनेरची वाइन गडद, भरदार, किंचित मसालेदार असते. मिरचीचा वास उग्र असेल, तर तोडणीची घाई झाली असे समजावे.

६/ इतिहासाच्या अभ्यासकाने एक ध्यानात ठेवावे : १९९४ पूर्वीच्या चिलीच्या बाटलीवरील ‘मेर्लो’ हा शब्द लिहिणाऱ्याची समजूत सांगतो, आतले द्राक्ष कोणते, हे सांगेलच असे नाही.