लीन व्यवस्थापनातील सांघिक कार्य

उत्पादनातील अपव्यय टाळण्यासाठी दोष शोधण्याची व प्रक्रिया सुधारण्याची जबाबदारी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या लहान गटांकडे सोपविणारी कार्यपद्धती.

उगम : दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी विकसित केलेल्या उत्पादनपद्धतीत तिचे मूळ आहे (पहा : टोयोटा उत्पादनपद्धती). टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील संयुक्त कारखान्यात १९८४ पासून ती अमेरिकी कामगारांसह राबविण्यात आली. ‘लीन’ ही संज्ञा जॉन क्राफचिक यांनी १९८८ मध्ये रूढ केली.

वैशिष्ट्ये : गटात मोजके कामगार व एक गटप्रमुख असतो. कामगार एकमेकांची कामे शिकतात व ती आलटून पालटून करतात. दोष दिसताच कामगार दोरी ओढतो. सूचक दिवा लागतो आणि गटप्रमुख मदतीस येतो. वाहन ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचेतो दोष दूर न झाल्यास असेंब्ली लाइन थांबते (पहा : आंदोन). नंतर गट मूळ कारण शोधतो व सुधारित कृती प्रमाण म्हणून नोंदवितो (पहा : कायझेन).

महत्त्व : दोष उगमापाशीच रोखला जाऊन पुढील दुरुस्ती व नासाडी टळते. त्यामुळे सुट्या भागांचा साठा अल्प ठेवूनही उत्पादन अखंड चालू शकते (पहा : जस्ट-इन-टाइम).