पुस्तक न बघता धडा म्हणणारी पोर

मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई लेकीचं कौतुक सांगत होती. चौथीतली पोर अख्खा धडा घडाघडा म्हणते. मी सहज तिला मधल्या एका ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितलं, तर पोर गप्प. धडा बाईंच्या तोंडून ऐकून पाठ झालेला. वाचता येत नव्हतंच. त्यावरून आज डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनातल्या अडचणीचा, थोडा इतिहास सांगते.

१८९६ साली इंग्लंडातल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. पोरगा खेळात तरबेज, हिशोबात पक्का, पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरं मागेपुढे करायचा. त्याचे मास्तर म्हणत, सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरेल. म्हणजे डोकं ठीक होतं. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड बसत नव्हती.

ही सांगड बसवण्याची पद्धत अमेरिकेत अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोन शिक्षिकांनी १९३०च्या दशकात नीट मांडली. मुलानं अक्षर बघायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि त्याच वेळी बोटानं गिरवायचं. डोळा विसरला तर हात आठवण करून देतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची धुळाक्षरं आठवली की नाही? मुलाला एक पद्धत आणि मुलीला दुसरी, असं त्या बाईंनी काही केलं नाही.

फरक पडला तो आधीच, कोणाकडे लक्ष गेलं यात. १९९० साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. दुसरीत शाळेनं हेरलेल्या मुलांत १०० मुलग्यांमागे जवळजवळ १४ आणि १०० मुलींमागे जेमतेम ३ होत्या. संशोधकांनी स्वतः प्रत्येक मुलाची चाचणी घेतली, तेव्हा मुलगे ९ आणि मुली ७ निघाल्या. पुढच्या काही पाहण्यांत मुलगे जास्त आढळले, हेही खरं. पण दंगा करणारा मास्तरांच्या डोळ्यात भरतो आणि खाली मान घालून बसणारी राहून जाते, हे सांगायला मला अमेरिका लागत नाही.

त्या ताईचा मुलगा वर्गातून पळायचा, म्हणून त्याला दुसरीतच तपासायला नेलं होतं. पोरगी शहाणी, पाठांतर चांगलं, म्हणून कोणी बघितलंच नाही. तिच्या स्मरणशक्तीनंच तिची अडचण झाकली.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण आता धरलेली आहे, त्यामुळे दाखला मिळतो. सध्या ती पोर रोज संध्याकाळी परातीत पीठ पसरून ‘ब’ गिरवते आणि म्हणते. तपासणीला तालुक्याला जायचं गाडीभाडं ताईनं गटातून उचललंय. या वेळी लेकीसाठी.